मेलेल्यांच्या नावाचं कोयनेल

माझं तोंड पहिल्यापासून तिखट. सासूबाई म्हणायच्या, हिला दुकानात बसवलं तर एक गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही. आमचं औषधाचं दुकान कर्जतच्या बाजारपेठेत होतं, पुढे दुकान आणि मागे घर. दुकान हेच बघायचे. ह्यांचा आवाज कधी चढला असेल तर तो मी तरी ऐकला नाही.

लढाईची वर्षं होती. जावा बेट जपान्यांनी घेतलं आणि तिथून येणारं हिवतापाचं औषध, कोयनेल, मिळेनासं झालं. भातकापणीच्या सुमाराला आमच्याकडे हिवताप ठरलेला, घरटी एक तरी माणूस गोधडीखाली कुडकुडत पडलेला. सरकारचा हुकूम निघाला, डॉक्टरची चिठ्ठी आणेल त्यालाच कोयनेल. तालुक्यात मोजक्या दुकानांना ते मिळे, त्यांत आमचं एक. हे प्रत्येक बाटलीवर रोग्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहून चिकटवत. मी चिडवायचे, "अहो, गोळ्या खायच्यात त्यांना, बारसं नाही करायचं!" हे नुसते हसायचे आणि लिहीत राहायचे.

शेजारच्या आळीत एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांचा कंपाउंडर रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा. "वहिनी, चहा टाका," म्हणत ओट्यावर बसायचा आणि जाताना डॉक्टरांच्या सहीच्या चार-पाच चिठ्ठ्या पुढे करायचा. डोंगराखालच्या गावांतली माणसं दिवस मावळायच्या आत परत फिरतात, त्यांची औषधं मी पोचती करतो, असं सांगायचा. आम्हाला त्याचं कौतुकच वाटे. "भाऊजी, पुण्य लागेल हो तुम्हाला," असं मी एकदा म्हणालेसुद्धा. मेली ही जीभ!

एका सकाळी फौजदार आले. बरोबर एक म्हातारा हवालदार होता. खोपोलीला एका ठेकेदाराकडे काळ्या बाजारातलं कोयनेल सापडलं होतं. बाटल्यांवरची नावं खरवडलेली, पण आमच्या दुकानाचा शिक्का तसाच होता. फौजदारांनी तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या उचलल्या आणि डॉक्टरांकडे नेल्या. डॉक्टर म्हणाले, "सही माझी आहे, पण ही माणसं मी तपासलेली नाहीत." सकाळी उठून कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायची त्यांची सवय अख्ख्या आळीला ठाऊक होती, पण ती स्वतःच्या तोंडानं कबूल कोण करणार? कंपाउंडरनं तर कानांवर हात ठेवले. आपण एकही चिठ्ठी नेली नाही, दुकानदारानंच कोऱ्या चिठ्ठ्या पळवून भरल्या असतील, असं तो बोलला. आमच्या चहानं ओलं झालेलं तोंड ते!

मग आमच्या घराची झडती झाली. माझ्या पिठाच्या डब्यातसुद्धा हात घातला त्यांनी. मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला सुळी द्या आता!" फौजदार म्हणाले, "संन्यासी कोण ते ठरायचंय, बाई." दुकानाला सील लागलं. ह्यांना रोज ठाण्यावर बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवत. ह्यांच्यावर शाबीत झालं असतं तर दुकान जाणार होतं आणि हे तुरुंगात. मी देवापुढे बसायचे आणि देवालाच चार शब्द सुनवायचे.

तपास म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. तपास म्हणजे पायपीट. हवालदार चिठ्ठ्या पिशवीत घालून पार खालापूरकडच्या गावांपर्यंत चालत गेला. चिठ्ठीवर ज्याचं नाव, त्याच्या दारात जायचं आणि विचारायचं, औषध कुणी दिलं? काही दिवसांनी तो परतला तो ठाण्यावर जायच्या आधी आमच्या ओट्यावर टेकला. मी पाणी आणि गूळ पुढे केला. त्यानं हात लावला नाही.

"बाई," तो म्हणाला, "दारात जाऊन विचारायचो, अमका घरात आहे का? की आतली बाई रडायला लागायची. सगळी मेलेली माणसं हो. चिठ्ठी लिहायच्या आधीच गेलेली."

घरोघरी त्यानं एकच हकिगत ऐकली होती. रोग्याला दवाखान्यात आणलं, कंपाउंडरनं दारातच नाव लिहून घेतलं आणि कोयनेल संपलंय म्हणून परत पाठवलं. आमच्या दुकानापर्यंत ती माणसं आलीच नव्हती. चिठ्ठीशिवाय येऊन करणार काय? त्यांची नावं आम्हाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कोण गेलं ते बाजारात कानावर आलं की त्याच्या नावाची चिठ्ठी भरायची; मेलेला माणूस तक्रार करत नाही, असा कंपाउंडरचा हिशेब. माणूस मेला तरी मागं त्याचं घर असतं, एवढं त्याच्या डोक्यात आलं नाही.

फौजदारांनी लगेच त्याच्या खोलीची झडती घेतली. तांदळाच्या कणगीत बाटल्या निघाल्या, नावं अजून खरवडायची राहिलेली. त्या ओळखायला आमच्या ओट्यावर आणून मांडल्या. कंपाउंडरला आणलं, आणि साक्षीला एका गावची बाई. हवालदार एकेक नाव वाचत होता आणि हे "माझं अक्षर" म्हणत होते. एका नावाला ती बाई पुढे आली.

"त्यो माजा थोरला," ती म्हणाली. मग कंपाउंडरकडे वळली. "पाटुंगळी मारून आनला व्हता रं मी त्याला. तवा नाय म्हनलास. आनि मेल्यावर त्याच्या नावानं घेतलंस?"

"मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस!" मी मोठ्यांदा म्हणाले. फौजदारांनी मला अडवलं नाही.

बाईनं ती बाटली उचलली. "हे त्याच्या नावाचं हाय ना? मंग मला द्या. घरी धाकटी तापलीय."

फौजदारांनी बाटली तिच्या हातातून हळूच काढून घेतली. "मुद्देमाल आहे हा, बाई. कोर्टात जाईल."

ह्यांनी हात जोडले. "साहेब, चार गोळ्या काढू द्या. वाटल्यास माझ्या नावावर लिहा."

"मला हात लावता येत नाही हो," फौजदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यांचा चेहरा उतरला होता. पण बाटली त्यांनी पिशवीत टाकली. आमचा साठा सीलमध्ये, डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलेलं. मी आत गेले आणि होतं नव्हतं ते तापावरच्या काढ्याचं काडेचिराईत तिच्या पदरात बांधलं, उकळून पाज म्हणून सांगितलं. ते कोयनेल नव्हे, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. तिनं गाठ घट्ट केली आणि ती निघाली.

ह्यांच्यावरचा आळ गेला. सील निघालं त्या दिवशी मी नारळ फोडला, नाही कशाला म्हणू. पुढे कोर्टात साक्षीला ती बाई आली, एकटीच. टेबलावर लाखेनं बंद केलेल्या बाटल्या होत्या. तिची साक्ष झाली, अंगठा झाला. बाहेर जाताना फौजदारांनी तिला हळूच विचारलं, "धाकटी कशी आहे?"

तिनं टेबलाकडे बोट केलं. "तिचं बी नाव लिवा त्यावर."