चिनी सरदाराचा उलटा जन्म

चीनमधील एका वृद्ध सरदाराला मी वलगावच्या भरल्या तंबूत, ध्वनिक्षेपकावरून, अवेळी ठार केले.

त्या काळी माझ्या मामांची फिरती टॉकीज अमरावतीच्या आसपासच्या गावांतून हिंडत असे. परभाषेतील चित्रपटाची गोष्ट पडद्याशेजारी उभे राहून सांगणे, हे माझे काम. एकदा तलवारबाजीचा ऐतिहासिक चिनी चित्रपट आला. रिळांच्या डब्यांवरील अक्षरेही चिनी!

"भास्कर, क्रम लावता येते ना तुले?" मामांनी विचारले.

"येते ना, मामा!" (पेटीत जो डबा सर्वांत वर, तो मी पहिला मानला.)

समोरच्या खुर्चीत चांदूर रेल्वेचे अण्णाजी बसले होते. आपली सुमन मला द्यावी की नाही, हे ते माझी हुशारी पाहून ठरवणार होते. सुमन कनातीपलीकडे, बायकांत.

आरंभीच पांढऱ्या दाढीचा सरदार बाण लागून पडला. पत्नीने हंबरडा फोडला. मी असा गहिवरलो, की अण्णाजींनी उपरण्याने डोळे टिपले! मग पडद्यावर मोठी अक्षरे झळकली. ती नटांची नावे समजून मी मनानेच, भारदस्तपणे वाचून दाखवली.

रीळ बदलले. सरदार मजेत भात खात होता!

"अबे, हा तं आत्ताच मेला ना!" मागून कोणी ओरडले.

"हा... त्याचा जुळा भाऊ!"

पुढच्या रिळात तोच, काळ्या दाढीचा.

"हा त्याचा पोरगा. बापावर गेला," मी घाम पुसत म्हणालो.

तेवढ्यात या 'पोराचे' लग्न लागले. नवरी कोण? मघाची ती विधवा!

"अवो माय! मायसंग लग्न?" बायकांत हलकल्लोळ झाला.

अण्णाजी ताडकन उठले. "चाल सुमन! असे संस्कार सांगून राहिला का हा?"

"थांबा ना बाबा," कनातीमागून आवाज आला. "मानूस तोच हाय. डबे उलटे लावले त्यायनं!"

लोक मामांकडे रागाने पाहू लागले, तेव्हा मात्र मला राहवले नाही.

"मायबापहो, मामाची काही चूक नाही. त्या चिनी घराण्याचीबी नाही. मले चिनी येत नाही अन् तसं सांगाची हिंमतबी नव्हती. अण्णाजी, मले माफ करा."

अण्णाजींनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"बरं," ते पुन्हा बसत म्हणाले, "आता तो सरदार जन्मल्यावरच मी उठतो."

सुपारी लवकरच फुटली. लग्नविधींचा क्रम ठरवताना मात्र मला मांडवाबाहेर बसवण्यात आले!