लोखंडाची छाती

चंद्राबाईच्या जिभेला हाड नाही, हे आष्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या जिभेनं सगळ्यात जास्त सोललं ते सुनेला, मुक्ताबाईला. चंद्राबाईचा तरणाबांड लेक ज्ञानू तालमीत जोर काढता काढता कोसळला तो उठलाच नाही. त्याचा सोपान तेव्हा रांगत होता. तेराव्याच्या आत चंद्राबाईनं निकाल देऊन टाकला, "पांढऱ्या पायाची हाय. हिनंच गिळला माझा ल्योक."

तेव्हापासून घरातलं कुणी गावाला निघालं की विधवा मुक्ताबाईनं आत जायचं आणि कपाळभर कुंकू लावणाऱ्या चंद्राबाईनं जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, असा शिरस्ता पडला. सून उलटून बोलत नाही म्हणजे तिलाही पटलंय, असं सासू धरून चालली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सोपान साताऱ्याला मिलिटरीच्या भरतीला गेला. पळण्यात पहिला आला, पण तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि त्याला बाजूला काढलं. "काळजात कायतरी वाजतंय म्हणं," असं सांगत पोरगा घरी आला. उसाच्या मोळ्या लीलया फेकणारा गडी! चंद्राबाईला हसूच आलं. तरी खात्री करायला ती नातवाला आणि सुनेला घेऊन सांगलीला, विश्रामबागेतल्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी सोपानला तपासलं, तारा लावून कागदाची पट्टी काढली. म्हणाले, "हृदयाचा स्नायू जाड झालाय. कुस्ती बंद, पळणं बंद, ओझं उचलायचं नाही. जपून राहायचं. हा आजार रक्तातून येतो."

"हिच्याच रक्तातनं!" चंद्राबाई उसळली. "हिची छाती बघा."

डॉक्टरांनी मुक्ताबाईला तपासलं. तिची पट्टी बघून म्हणाले, "यांचं हृदय ठणठणीत आहे."

"मग माझी बघा. लोखंडाची हाय."

डॉक्टरांनी नळी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग हळूच विचारलं, "आजी, तुमच्या माहेरी कुणी असं अचानक गेलं होतं?"

चंद्राबाईला माहेरचं एकेक आठवू लागलं. बाप मोट हाकताना गेला. थोरला भाऊ गुंडा जत्रेत कुस्ती मारून हसत होता, हसता हसताच गेला. बापाला विहिरीवरच्या आसरांनी, पाण्यातल्या देवतांनी धरलं असं लोक म्हणाले, गुंडाला नजर लागली म्हणाले. तिनंही तेच मानलं होतं. ज्ञानूला जन्म आपण दिला, आणि मरणही आपल्याच रक्तानं दिलं.

महिन्यानं सोपान पुन्हा तपासून घ्यायला निघाला. मुक्ताबाई सवयीनं आत गेली. चंद्राबाई दह्याची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, पण हात पुढं होईना. ती आत आली, वाटी सुनेच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीआड सरकली.

"तू घाल गं. मी आडवी येत न्हाई. त्याच्या बापाला म्याच गिळलाय."

मुक्ताबाईनं वाटी दोन्ही हातांनी धरली.

"तुमी काय मुद्दाम न्हाई केलं, आत्याबाई," ती म्हणाली. "पर मी तर कायच केलं न्हवतं."

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि जन्मात पहिल्यांदा लेकाच्या हातावर दही घातलं.