मताचं कपाट

खरं सांगते, त्या कपाटाचा मला आधी रागच यायचा.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर आमचं वाचनालय. शिक्का अजून शहराच्या जुन्या नावाचा, पाटी नव्या नावाची. दोन्हींवर धूळ सारखीच बसते आणि पुसायची मलाच. ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा माझे गुडघे धड होते आणि डोकं गरम होतं. पहिल्याच दिवशी सगळी कपाटं उघडून बघितली. कादंबऱ्या, चरित्रं, लहान मुलांची पुस्तकं, सगळं जागच्या जागी. फक्त खिडकीला लागून एक लोखंडी धूड उभं होतं आणि त्याच्यावर ऑइलपेंटनं एकच शब्द लिहिलेला: मत.

आत बघते तर काय! एका पंथाचं मत खोडून काढणारं जाडजूड पुस्तक. त्याला टेकून रागांच्या वर्गीकरणाची जुनी मतं सांगणारं. त्याच्या शेजारी मताधिकार म्हणजे काय ते समजावणारं. आणि खालच्या फळीवर चक्क मत्स्यपालन. म्हटलं, अगं बाई, हा काय आचरटपणा!

कारण कळलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. माझ्या आधीचे ग्रंथपाल मूळचे एका गोदामात कामाला होते. नावावरून माल लावायचा, हीच त्यांची शिस्त. मीठ एकीकडं, साबण एकीकडं. तपासणी तोंडावर आली तेव्हा त्यांनी नावात मत दिसलं की पुस्तक इकडं टाकलं. पुढं लोकांनाही तेच वळण लागलं. कुणी धर्मावरचं, गाण्यावरचं किंवा लोकशाहीवरचं पुस्तक भेट दिलं की शिपाई न विचारता याच कपाटात नेऊन कोंबायचा. निवडणुका आल्या की टारगट पोरं जिन्यातून ओरडायची, “मॅडम, इथं मत मिळतं का?” मी म्हणायची, “मिळतं, पण वाचून परत आणून द्यावं लागतं.”

मासे बाहेर काढले. बाकीचंही विषयवार लावायला घेतलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला, “बाई, इसकू हात नक्को लगाव.”

हे चाचा. हर्सूलहून शेअर रिक्षानं यायचे. जिल्ह्याच्या कोर्टात स्टेनो होते. जन्मभर दोन्ही बाजूंचं बोलणं उतरवून घेतलेला माणूस. आजीव सभासद, शिवाय कार्यकारिणीत, कारण ती जागा दुसऱ्या कुणाला नको होती. माणूस तापदायक, हे आधीच सांगून टाकते. पुस्तकाच्या पानांत तपकीर सांडायचे, पुस्तक उशिरा आणायचे आणि वर्तमानपत्राशी मोठ्यानं भांडायचे. बाकीचे वाचक माझ्याकडं बघायचे. मी चाचांकडं बघायची. चाचा पान उलटायचे.

“ही चूक आहे चाचा,” मी म्हटलं, “देव, गाणं आणि निवडणूक यांचा काय संबंध?”

“आधी वाच,” ते म्हणाले, “मग हलव.”

मी काही लगेच वाचायला बसले नाही. मला कामं होती. घरी पाण्याची पाळी आली की अर्धा दिवस हंडे-बादल्यांत जायचा, आणि इथं चाचांचा हुकूम कोण मानतो? पण हलवलंही नाही. कंटाळा केला, दुसरं काय.

मग आमचे हे गेले. चिकलठाण्याला कारखान्यात होते, एका दुपारी कामावरच गेले. त्यानंतर जो तो मला शिकवायला लागला. नणंद म्हणाली, आत्मा तेराव्यापर्यंत घरातच असतो. शेजारीण म्हणाली, असा काही आत्मा नसतो, तुम्ही नामस्मरण करा. धाकटा दीर म्हणाला, वहिनी, हे सगळं थोतांड आहे. प्रत्येकाला खात्री. प्रत्येकाचा आवाज चढलेला. मला तर नीट रडूही देईनात. वाचनालयात येऊन बसायची ती केवळ तिथं कुणी बोलत नाही म्हणून.

तेव्हा त्या कपाटातलं पंथाचं पुस्तक काढलं. वाटलं होतं, यातही दुसऱ्याच्या नावानं शिव्याच असतील. पण लेखकानं आधी समोरच्याचं म्हणणं मांडलं होतं. पूर्वपक्ष म्हणतात त्याला. आणि इतकं नीट, इतकं मन लावून मांडलं होतं की मला तेच पटलं. पुढच्या प्रकरणात त्यानं ते खोडलं, तर खोडणंही पटलं. मेलेल्या माणसाचं काय होतं ते मला पुस्तक मिटेपर्यंत कळलं नाही, आजही माहीत नाही. पण एवढे मोठे लोक शेकडो वर्षं भांडून एका जागी आले नाहीत, आणि तरी एकमेकांचं म्हणणं जपून लिहीत राहिले, याचा मला आधार वाटला. नणंदेच्या त्या तेराव्याच्या बोलण्यापेक्षा जास्त वाटला.

गाण्याचं पुस्तक चाचांनी हातात दिलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्यातही तेच. अमक्या रागात हा स्वर काही घराणी लावतात, काही टाळतात, दोन्ही गातात. चाचांनी टेबलावर बोटं आपटत दोन्ही म्हणून दाखवलं. आवाज फाटका, मला तर दोन्ही सारखंच वाटलं. मी तसं म्हटल्यावर इतके चिडले की दोन दिवस फिरकले नाहीत.

आणि लोकशाहीवरची ती काळपट पानांची पुस्तकं. त्यात एका ठिकाणी होतं की बहुमतानं निर्णय होतो हे खरं, पण हरलेल्याचं मत कागदावर राहायला पाहिजे, नाहीतर तो निर्णय नाही, नुसती दांडगाई. हे मी वाचलं आणि मग मला आमच्या गोदामवाल्या ग्रंथपालांचं हसू आलं. त्या बाबाला काही कळत नव्हतं आणि त्यानं पुस्तकं बरोबर लावली होती. तिन्हींत सांगितलेलं एकच, की आपल्याला न पटणाऱ्या माणसाचं म्हणणं आधी नीट लिहून घ्या. तेव्हापासून त्या कपाटाला मी हात लावू दिला नाही.

पण सगळ्यांनाच जागा लागते. आता शहरात वाचनालयाला कोण येतं? येतात ती स्पर्धा परीक्षेवाली पोरं. त्यांना पुस्तक नको असतं, बसायला जागा हवी असते. आमची अभ्यासिका केव्हाच भरली. पोरं जिन्यात बसायला लागली. त्यात एक मुलगी होती, खुलताबादकडची. आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ. ही इथं एका खोलीत कॉटवर भाड्यानं राहायची आणि सकाळी माझ्याआधी पायरीवर हजर.

एकदा मला म्हणाली, “मॅडम, त्या कपाटातलं कुणी नेतं का वो?”

“चाचा नेतात.”

“आन् अजून?”

“अजून कुणी नाही.”

“मग एका मानसासाठी आमी समद्यांनी पायरीवर बसायचं व्हय? तिथं दोन टेबलं बसतील. मी मापून बघितलंय.”

मी म्हटलं, “अगं, त्यात लोकशाहीवरची पुस्तकं आहेत. तुला राज्यघटना आहे ना परीक्षेला? वाच की.”

“नाय मॅडम. त्याच्यावर प्रश्न येत नाय.”

मला हसावं की रडावं कळेना. रागही येईना, कारण पोरीचं चुकत काय होतं? थंडीत फरशीवर बसून तिची कंबर धरायची. तिला नोकरी लागली तर आईबापाची पायपीट थांबणार होती. माझ्या कपाटानं कुणाची पायपीट थांबणार होती? दोन्ही बाजू पटायला लागल्या की माणूस फार थकतो. त्या पुस्तकांनी मला ती सवय लावली होती आणि आता तीच माझ्या मुळावर आली.

मग सचिवांनी विषय काढला. हे माझ्याहून वयानं लहान, खाली बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, मला ताई म्हणतात. माणूस वाईट नाही. म्हणाले, “ताई, त्या कपाटाचं निर्लेखन करून टाकू.” निर्लेखन! शब्द किती सोवळा. अर्थ एवढाच, की पुस्तकं दप्तरातून कमी करायची आणि रद्दीत घालायची. मी दोन शाळांना विचारलं, नेता का म्हणून. जागा नाही म्हणाले. एका ओळखीच्यांना विचारलं, त्यांनी फोनच उचलला नाही.

रविवारी सकाळी सभा झाली. माझ्याकडं तेव्हा नेमकं पाणी आलेलं, ते सोडून धावत गेले. मी पगारी माणूस, सभेत माझं काम इतिवृत्त लिहायचं. बोलायचं नाही, हात वर करायचा नाही. सचिवांनी विषय मांडला. पोरांची अडचण सांगितली, ती खरीच होती. “सगळ्यांचं एकमत ना?” म्हणाले. माना डोलल्या. चहा यायचा होता.

“माझं मत विरोधात,” चाचा म्हणाले.

कानाला यंत्र लावूनही त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून बोलले ते मोठ्यानं. सगळे हसले. रागानं नाही, घरातल्या म्हाताऱ्याला हसावं तसं.

“चाचा, तुमचं म्हणणं आम्हाला माहीतच आहे,” सचिव म्हणाले. “पण ठराव एकमतानं गेलेला बरा दिसतो. उद्या तपासणीला कुणी आलं तर प्रश्न नको. ताई, लिहा. सदर ठराव एकमताने मंजूर.”

चाचा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता भांडतील. कोर्टातली दोन-चार कलमं काढतील. पण ते खुर्चीत मागं टेकले. “लिखो बेटा, जो लिखना है लिखो,” म्हणाले, “मैं थक गया अब.”

एवढा भांडकुदळ माणूस, आणि शेवटी असा. थकलेली तर मीही होते. वर्षानुवर्षं मी त्या वहीत ‘एकमताने’ लिहीत आले होते, न बघता, हात आपोआप चालायचा. या वेळी पेन टेकवलं आणि लिहिलं: सदर ठराव बहुमताने मंजूर. एक सदस्य विरोधात. नाव घातलं. वाचून दाखवलं.

सचिवांचा चेहरा उतरला. “ताई, हे कशाला? बदला ते.”

“जमणार नाही भाऊ.”

“अहो, कपाट जाणारच आहे. तुमचं काय जातंय यात?”

“माझं काहीच जात नाही,” मी म्हटलं. “मला इथं मतच नाही. मला असतं तर मी काय केलं असतं, ते माझं मलाही ठाऊक नाही. पण ज्यांना आहे, त्यांनी दिलंय. ते मी खाऊ का? टेबलं आणा. पोरांना बसवा. पण हे असंच राहील. नको असेल तर दुसऱ्या कुणाला लिहायला बसवा.”

चहा आला. अध्यक्षांनी कपाखालची वही ओढून घेतली आणि सही केली. त्यांना घरी जायची घाई होती, असंही असेल.

त्याच आठवड्यात टेम्पो आला. मी एकही पुस्तक घरी नेलं नाही. घरात जागा नाही, तिसरा मजला आहे, आणि खोटं कशाला बोलू, अंगात ताकद नाही. गठ्ठे बांधले जाताना मी पलीकडं जाऊन वर्तमानपत्रं लावत बसले. खिडकीशी दोन टेबलं लागली. खुलताबादची पोरगी पहिल्या दिवशी माझ्याकडं येऊन म्हणाली, “मॅडम, माझ्यावर रागावल्या का वो?” मी म्हटलं, “नाही गं. बस तू. उजेड चांगला आहे तिथं.” आणि रागावले नव्हतेच. रडू येत होतं, ते निराळं.

चाचा आजारी पडले. मधे कुणीतरी म्हणालं, विसरायला लागलेत. पुढची सभा आली तेव्हा नातवाच्या हाताला धरून आले, जिन्यात दोनदा थांबले. रिवाजाप्रमाणं आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं असतं. मी वाचलं. ‘बहुमताने मंजूर, एक सदस्य विरोधात,’ इथं आले आणि नाव वाचायच्या आधी चाचांनी हात वर केला.

“कोण होता तो?”

सचिवांनी माझ्याकडं बघितलं.

“तुम्हीच, चाचा,” मी म्हटलं.

“मैं?” ते विचारात पडले. मग मान वळवून खिडकीकडं बघितलं. दोन्ही टेबलांवर पोरं खाली माना घालून वाचत होती. “कशाच्या विरोधात?”

“कपाट काढायच्या. मताचं कपाट.”

“मग कुठंय ते?”

सचिव काहीतरी बोलायला गेले, पण मीच बोलले. “गेलं, चाचा. आपण हरलो.”

‘आपण’ तोंडातून निघून गेलं. ते सगळ्यांनी ऐकलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

चाचांनी पुन्हा टेबलांकडं बघितलं. “हरलो तर हरलो,” म्हणाले. “पर लिखा ना?”

“लिहिलंय, चाचा.”