मामीचा सहावा चमचा

माझे मामा जुन्या चांदीच्या चमच्यांची पाठ वाचतात. पोटापाण्यासाठी. लोक तोंड बघून माणूस ओळखतात, आमचा दादा पाठ बघून चमचा ओळखतो, असं माझी आई येईल-जाईल त्याला सांगत असते. चमच्याच्या दांड्यामागे, घडवणाऱ्यानं आपली खूण म्हणून मारलेला तिळाएवढा ठसा असतो. कुणाचा मासा, कुणाचा तारा, कुणाची नुसतीच दोन अक्षरं. मामा भिंग लावून तो बघतात, वहीत पेन्सिलीनं काढतात आणि हा चमचा कुणी, साधारण कधी घडवला ते सांगतात. जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात त्यांचं टेबल खिडकीशी आहे आणि अख्खी गल्ली त्यांना भिंगकाका म्हणते.

मामी गेली त्याला पाच महिने झाले. चौथ्या दिवशी मामा दुकानात हजर. मालक म्हणाले, "अहो, बसा की थोडे दिवस घरी."

"घरी बसून काय करू?" मामांनी विचारलं.

ते रडले नाहीत. चिडलेही नाहीत, आणि त्याचीच आम्हाला धास्ती. एरवी कुणी चांदी घासून लख्ख करून आणली की मामा दुकान डोक्यावर घ्यायचे. "ठसा आहे तो, डाग नव्हे! चांदी पुसायची असते, घासायची नसते!" आता कितीही गुळगुळीत चमचा येवो, वहीत 'ठसा वाचता येत नाही' असं लिहितात आणि पुढचा उचलतात. त्याला जरा चिडव रे, म्हणून आई मला दर रविवारी त्यांच्याकडे पिटाळते. अजून यश नाही.

त्या रविवारी मामीची धाकटी बहीण आली होती. तिला आम्ही मावशीच म्हणतो. चहाचं आधण ठेवून ती मामांसमोर बसली आणि फडक्यात गुंडाळलेले पाच चमचे तिनं टेबलावर ठेवले.

"भावोजी, स्पष्टच बोलते. लेकीनं नवं घर घेतलंय. हे सहाच्या सहा चमचे थोरल्या नातीला द्यायचे, असं आई म्हणायची. पाच माझ्याकडे, सहावा ताईकडे. ताई होती तोवर मी शब्द काढला नाही."

"हं," मामा म्हणाले.

"पण ताईचा त्यातलाच आहे का, हेही मला नक्की ठाऊक नाही. एक हरवला म्हणून आईनं दुसरा आणला होता, असंही कानावर होतं. तुम्ही बघून सांगा. यातला नसला तर राहू दे तुमच्याकडेच. तुमचा शब्द शेवटचा."

मामीचा चमचा मोरीशेजारच्या स्टँडमध्ये होता. दुधाच्या पातेल्याची साय खरवडायला तोच, औषध घ्यायलाही तोच. आणि दर शनिवारी मामी तो खडूच्या पुडीनं घासायची, तोंड दिसेपर्यंत. हजारो चमचे पालथे करणाऱ्या मामांनी बत्तीस वर्षांत त्याला एकदाही भिंग लावलं नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो तसा भिंगाखालीही असतो. मामा चहा बिनसाखरेचा घेतात. तरी पाच महिने रोज सकाळी त्या चमच्यानं ढवळतात. मी विचारलं होतं, काय ढवळता? "चहा," म्हणाले.

मामांनी पाच चमचे पालथे घातले. पाचांवरही एकच ठसा, लंबगोलात एक पान. पानाचं टोक तुटलेलं.

"ठसा मारायच्या खिळ्याचा टवका उडालेला," मामा बातम्या वाचाव्यात तसं बोलले. "कारागिरानं तसाच वापरला. म्हणून ओळख पक्की."

मग मामीचा चमचा. पाठ कशी, तर आरशासारखी.

"घ्या!" मी म्हणालो. "मामीनं तुमच्या नाकासमोर पुरावा नष्ट केलाय."

मामा चिडले नाहीत. मला मात्र हायसं वाटलं. ठसा वाचता येत नाही, एवढं म्हणायचं की झालं. खोटंही नाही. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

मावशी चहा गाळायला उठली. मामांनी चमचा तोंडाशी धरून त्यावर हाऽऽ करून वाफ सोडली. ठसा घासून गेला तरी ठोकलेल्या जागेवरची वाफ शेवटी विरते, म्हणतात. क्षणभर तिथे पान दिसलं. टोक तुटलेलं. मी खांद्यावरून वाकलो होतो म्हणून मलाही दिसलं, आणि गेलं.

मामांनी चमचा बाकीच्या पाचांशेजारी ठेवला.

"यातलाच आहे," ते म्हणाले.

"मामा!"

"दिसलं ते सांगितलं."

मावशीनं कप ठेवले, सहाही चमचे उताणे करून ओळीनं मांडले. वर्षानुवर्षांच्या खरवडीनं पाचांचं टोक डाव्या बाजूला झिजलेलं. सहाव्याचं उजव्या. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"हाच असा उलटा कसा?"

"बाकीचे उजव्या हातात होते," मामा म्हणाले. "हा..."

"ताई डावरी," मावशी म्हणाली. "आई किती ओरडायची, उजव्या हातानं खरवड गं."

चहावर साय धरली. मग मावशीनं पाच चमचे फडक्यात गुंडाळले आणि सहावा मामांच्या बशीत ठेवला.

"नको बाई. पाच तोंडं इकडे अन् एक तिकडे. टेबलावर बरं नाही दिसत."

"पण यातलाच आहे तो. ठसा आहे."

"असेल. मला तर गुळगुळीत दिसतोय. आणि माझी लेक फार चोखंदळ हो."

या चोखंदळ लेकीला मी पेनाच्या टोपणानं कॉफी ढवळताना पाहिलंय. पण मी कपात तोंड घातलं. मामांनी चमचा उचलला आणि चहा ढवळायला लागले.

पुढच्या रविवारी गेलो तर मामा मोरीशी उभे. ओल्या फडक्यावर खडूची पूड, हातात चमचा, तोही पालथा. दांड्याची पाठ जोर लावून घासत होते.

"अहो मामा, ठसा जाईल!"

"कुठला ठसा?" मामा म्हणाले, आणि घासत राहिले.