एक्केचाळीस आणि चौदा

जेवण झाल्यावर मी मशीनशेजारच्या कॉटवर आडवी होते, ती नुसती पाठ टेकायला. पाच वाजता सुगंधा येणार आहे, तिच्या आईचा ब्लाउज न्यायला. ब्लाउज शिवून झालाय, हुक तेवढे राहिलेत. ते गेली चार वर्षं राहिलेत. तिला काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलंय: किमोनं बोटं बधिर झालीत गं पोरी, सुई धरवत नाही. पंखा फिरतोय. त्याची घरघर हळूहळू मशीनसारखी होते, आणि मशीनवर कुणीतरी बसलेलं आहे.

पद्मा. सुगंधाची आई. तिला जाऊन परवा वर्ष होईल.

"झोपलीस व्हय गं मालन?"

"नाही. पाठ टेकलीय."

तिचे केस दाट आहेत, तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला. माझे किमोत विरळ झाले ते पुन्हा भरलेच नाहीत. मेल्यावरसुद्धा हिचंच बरं, हे माझ्या मनात आधी येतं. खोटं कशाला सांगू?

मी उठते तर पायाखाली दवाखान्याची गार फरशी. सहा नंबरची कॉट माझी, सात नंबरची तिची. एकाच आठवड्यात आमच्या दोघींच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवतात. आमचे तुकडे तपासायला लांब पाठवले होते. गाठीतली कुठली जनुकं किती जागी आहेत ते बघून आजार उलटायचा धोका किती, त्याचा शंभरातला एक आकडा काढतात म्हणे. नर्सबाई कागद वाचते, "मालन, एक्केचाळीस. पद्मा, चौदा."

पस्तिसाला पास, एवढंच गणित मला ठाऊक. वॉर्डाच्या भिंतीला आता फळा आहे, आम्ही दोघी शाळेच्या बाकावर बसलोय, पोटाला पट्टे बांधून. मी नवऱ्याला पेढे आणायला पिटाळते. अख्ख्या वॉर्डाला वाटते. पद्माच्या हातावर मुद्दाम मोठा पेढा ठेवते.

"रडू नको. पुढच्या खेपेला निघशील."

तेवढ्यात डॉक्टर येतात. माझ्या हातातला पुडा बघतात आणि हळूच म्हणतात, "बाई, हे उलटं असतं. आकडा लहान तेवढं चांगलं."

सगळा वॉर्ड हसतो. पद्मा तर टाक्यांवर हात दाबून हसते, "आई गं, दुखतंय" म्हणत पुन्हा हसते. तिला म्हणाले, किमोची गरज नाही, घरी जा. मला म्हणाले, सहा महिने घ्यायची. त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटलं ते गाठीपेक्षा वाईट होतं.

आता बाक रसवंतीचा आहे, स्टँडसमोरच्या. घुंगरं वाजतायत. पद्मापुढं उसाच्या रसाचा ग्लास, वर बर्फ. किमो चालू असताना ती दर महिन्याला मला भेटायला यायची आणि मला घेऊन इथं बसायची. मला गार काही धरवायचं नाही, बोटांना विंचू चावल्यासारखं व्हायचं. मी कोमट पाण्याची बाटली घेऊन बसायची आणि ही बर्फ कुडुम कुडुम चावायची. तेव्हाच एकदा मी मनात म्हणाले होते, हिचा आकडा खोटा निघू दे.

दोन वर्षांनी तिच्या यकृतात गाठी निघाल्या.

ती ग्लास माझ्याकडं सरकवते. मी धरते. बोटांना काहीच होत नाही.

"पद्मा, एक विचारू?"

"विचार की."

"मी वाईट चिंतलं होतं. तुझा आकडा खोटा निघू दे म्हणून. त्यानंच झालं का गं?"

ती पोटावर हात दाबून हसायला लागते.

"तुझ्या चिंतण्यानं काही होत असतं, तर आधी सुईत दोरा गेला असता की! रोज सकाळी किती वेळा चिंततीस?"

मी ग्लास बाकावर ठेवते.

"आणि आकडा काय खोटा नव्हता," ती म्हणते. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमच्यासारख्या शंभरजणी घेतल्या तर दहा-बाराजणींचा उलटतो. कुणाचाच नाही, असं कुठं म्हणाले होते? त्या दहा-बाराजणी कुणीतरी असणारच की गं. त्यात मी."

"तुला राग नाही आला?"

"आला की. तुझा."

"माझा?"

"मला म्हणाले, तुम्हाला काही नको, घरी जा. आणि तुझ्यामागं सगळे धावतायत. तुझ्या अंगात थेंब थेंब औषध जातंय. माझ्यात काय जात होतं? उसाचा रस! रात्रंदिवस वाटायचं, आत काही राहिलं असलं तर? तुझी सलाइनची बाटली बघून जीव जळायचा माझा. म्हणून तर यायची दर महिन्याला."

मला वाटत होतं, जळण्यात तरी माझा पहिला नंबर आहे. तिथंही ही बरोबरीला.

रसवंती नाही आता. आम्ही माझ्या मशीनपाशी आहोत, तिच्या मांडीवर तो मोरपंखी ब्लाउज.

"शेवटच्या दिवसांत मला बघायला आली नाहीसच," ती म्हणते.

"लाज वाटली."

"आणि ह्याचे हुक?"

"बोटांचं निमित्त होतं," मी म्हणते. आता लपवून काय करू? "सगळ्यांचे हुक शेजारची शबाना लावून देते. तुझाच तेवढा तिला दिला नाही. तू आलीस की उद्या ये म्हणायची."

"कळत होतं मला. पोरीच्या साखरपुड्यात मोरपंखी साडीवर काळा ब्लाउज घातला मी. फोटोत बघ." ती हसत नाही. "सुगंधाला होईल हा. दंडात जरा ढिला आहे. पण हुक तू लाव. शबाना नको."

"मला येत नाही गं आता."

ती सुया खोचायच्या इवल्या गादीतली सुई उपसते, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करते.

पंखा फिरतोय. सव्वाचार झालेत. नवरा गावाला गेलाय, शबाना माहेरी, दाराला आतून कडी. मशीनवरच्या गादीत सुई आहे. सकाळी मी सातआठ वेळा खटपट करून रिकामीच खोचलेली. तिच्यात मोरपंखी दोरा आहे, खाली गाठ मारलेला. मी वरचं टोक ओठांना लावून बघते, कारण बोटांना कळत नाही. ओलं आहे.

पहिल्या हुकाला वीस मिनिटं लागतात. सुई बोटात गेलेली रक्त दिसल्यावर कळते. दुसरा वाकडा बसतो, उसवते, पुन्हा लावते. तेवढ्यात कडी वाजते. मी सुई-ब्लाउज हातात घेऊनच दार उघडते.

"काकू, बोटं चालायला लागली काय?" सुगंधा दारातूनच विचारते.

"नाहीत," मी म्हणते. "बस इथं. अजून चार हुक आहेत, वेळ लागेल. तोवर तुला एक सांगायचंय. तुझ्या आईचं मी काय चिंतलं होतं ते."