शेवटच्या प्रवेशाआधीचा सत्कार

"मॅडम, एखांदं नवं नाटक सुचवा नं," असा फोन आला की माझं डोकं तिथेच तापायला लागतं. पुढचं सगळं संभाषण मला पाठ आहे. मेहकर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि नवी नाटकं वाचायचं मला वेड आहे. कुठल्या स्पर्धेत कोणी काय लिहिलं, कुठल्या पोरानं, कुठल्या पोरीनं छोट्याशा हॉलमध्ये काय केलं, याचा मी माग काढते, लेखकाचा नंबर मिळवते आणि संहिता मागवून घेते. ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. तेव्हापासून यात्रा असो, गणपती असो की शाळेचं गॅदरिंग, नाटक म्हटलं की माझा फोन वाजतो.

पहिला प्रश्न ठरलेला, "बाया किती हायेत त्याच्यात?" बाया कमी पाहिजेत, कारण त्या भाड्यानं आणाव्या लागतात. मग, "हसायले हाय का?" मग, "कोणाच्या भावना तं नाही दुखणार?" आणि हे सगळं पार पडलं की आवाज खाली करून, एखाद्या आजाराची चौकशी करावी तसं, "लेखक जित्ता हाय का?"

"हो. चांगला ठणठणीत आहे."

"अरे बाप रे. मंग परवानगीचं लफडं आलं."

आता बोला! जिवंत असणं हा त्या लेखकाचा गुन्हा. आणि हीच माणसं चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगणार, "मॅडम, आजकाल पहिल्यासारखं लिहिणारे राह्यले नाहीत." अहो, आहेत! मी तासभर त्यांच्याबद्दलच बोलत होते! सोयाबीनच्या भावावर, मोबाइलवर जमलेल्या लग्नावर, वसतिगृहातल्या पोरींवर इतकी जबरदस्त नाटकं आज लिहिली जाऊन राहिली आहेत, आणि आम्ही दरसाल तोच मिशीवाला पाटील, तीच त्याची चाबकाची फटफट आणि तोच धोतरात पाय अडकून पडणारा गडी बघायचा. शेवटी तेच करतात. मला विचारतात कशाला, देव जाणे.

म्हणून जानेफळकडच्या एका गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष घरी आले तेव्हा मी सरळ म्हटलं, "भाऊ, तुम्हाला जुनंच करायचं असेल तर चहा घ्या आणि निघा." त्यांचं कृषी केंद्र आहे, खतं-बियाणं विकतात, बोलायला गोड माणूस. ते हसले. म्हणाले, "नाही मॅडम. मले असं नाटक पाह्यजे का शेवटच्या प्रवेशापर्यंत एक माणूस जागचा उठला नाही पाह्यजे. काहीतरी गोष्ट अशी पाह्यजे का ते एकदम शेवटीच कळन. तवरोक लोकाईले धरून ठेवलं पाह्यजे."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्या वर्षांत नाटकाच्या आतलं काही विचारणारा पहिला माणूस. मी त्यांना दुसरा चहा केला.

मी त्यांना मलकापूरच्या एका पोराचं नाटक दिलं. हा मुसलमान घरातला मुलगा, स्टेशन रोडवर कापडाच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे मोबाइलवर नाटक लिहितो. दोन बहिणी मेलेल्या आईची भांडी वाटून घेतात, एवढीच त्याची गोष्ट. भांडतात, हसतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, पण थोरली काहीतरी शोधते आहे, एकेक भांडं उलटंसुलटं करून बघते आहे, आणि काय शोधते ते शेवटच्या प्रवेशात तिच्या एका मोठ्या बोलण्यातूनच कळतं. सगळं आपल्या वऱ्हाडीत. रडणंसुद्धा वऱ्हाडीत, नाहीतर आमच्या नाटकात वऱ्हाडी बोलतो तो फक्त गडी, आणि मालक बोलतो पुण्याचं.

पोरानं परवानगी एका अटीवर दिली. दोन्ही बहिणींची कामं गावातल्याच बायांनी करायची. अध्यक्षांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "ठीक हाय. एक साल पाहू. नाही जमलं तं पुढच्या साली पुन्हा अकोल्याहून आणू, मंग बायाईनं आमाले काही म्हणू नये."

थोरलीचं काम मिळालं ते बौद्धवाड्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला. तालीम विहाराच्या ओट्यावर व्हायची आणि तालमीत सगळे तिला थोरलीच म्हणायला लागले, मीही तेच म्हणते. पहिल्या रविवारी मी तिला विचारलं, "घरचं, मशीनचं सांभाळून हे कशाला अंगावर घेतलं?" ती म्हणाली, "मॅडम, गाव माह्याकडं येते ते फॉल-पिको घेऊन. कपडा टाकते अन् जाते. एकडाव तरी साऱ्याईनं बसून माह्यं आयकावं, असं लय मनात हाय." शेवटचं ते बोलणं तिनं मशीनचं पायडल मारता मारता पाठ केलं. गिऱ्हाईक बायांना वाटे, ही एकटीच बडबडते. नवरा म्हणायचा, "पागल झाली." पण तालमीत ती बोलायला लागली की ओट्यावर चिडीचूप व्हायचं. मलकापूरचा तो पोरगा दोनदा आला, दोन्ही वेळा मान खाली घालून बसून राहिला.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात पत्रिका आली. वर पुढाऱ्यांचे फोटो, मग स्वागतोत्सुक, मग मंडपवाला, मग लाइट आणि साउंडवाला, आणि सगळ्यात खाली, तिळाएवढ्या अक्षरात, लेखक. मी अध्यक्षांना फोन करून झापलं. "पुढच्या वेळी पाहू मॅडम," म्हणाले. गोड माणूस!

त्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. बाया ताडपत्रीवर पुढे, माणसं मागे उभी. पोरगा एसटी बदलत आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. नाटक रंगलं हो! धाकटी चिमट्यावरून भांडली तेव्हा बाया खिदळल्या, थोरली एक डबा उघडून त्याचा वास घेत बसली तेव्हा त्याच बाया गप्प झाल्या. "काय पाहून राह्यली वं ते भांड्यात?" असं माझ्या पुढची म्हातारी सारखी सुनेला विचारत होती. पडदा पडला. आता शेवटचा प्रवेश.

पडदा उघडला तर स्टेजवर खुर्च्या! टेबल, टेबलावर चादर, त्यावर हार, शाली, नारळ. मंडपवाल्याची माणसं आईची भांडी पायानं ढकलून कडेला करत होती. तेवढ्यात गाड्या आल्या, पुढारी उतरले, आणि सूत्रसंचालकाची टकळी सुरू झाली. सत्कार! याचा त्याला, त्याचा याला, ज्यानं शाल दिली त्यालाही शाल. विंगेत थोरली कमरेवर घागर घेऊन उभी होती, ती मला इथून दिसत होती.

मी तडक अध्यक्षांना गाठलं. "हे काय चाललंय? नाटकाच्या मधात सत्कार? आधी का नाही केला?"

"आधी लोकच येत नाहीत मॅडम."

"मग नंतर करा!"

"नंतर थांबते का कोणी? नाटक झालं का चपला घालून चालले." आणि मग त्यांनी अगदी मनापासून, कौतुकानं, मला सांगितलं, "म्हून तं तुमाले म्हटलं होतं, शेवट असा पाह्यजे का माणूस उठला नाही पाह्यजे. पाहा नं, एक जण हालला नाही. नाटक एक नंबर सुचवलं तुम्ही!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे एवढ्यासाठी माझ्याकडून शेवट घट्ट असलेलं नाटक मागितलं होतं! त्या पोरानं जीव ओतून लिहिलेला शेवट, थोरलीनं पायडल मारत पाठ केलेला शेवट, आणि यांना तो पाहिजे होता लोकांना शालींसमोर बांधून ठेवायला. आणि मी मूर्ख, त्यांना दुसरा चहा केला!

"निदान लेखकाला तरी वर बोलवा," मी म्हटलं.

"लेखक? आलेत का ते?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "नारळं जरा मोजकेच आणले होते मॅडम."

मी परत येऊन बसले तोवर पुढाऱ्यांचं भाषण सुरू झालं होतं. लोककला, संस्कृती, मातीचा वास, सगळं झालं. आणि मग, घसा खाकरून, "मात्र एका गोष्टीची मला खंत वाटते. आज आपल्या जिल्ह्यात नवे नाटककार निर्माण होत नाहीत."

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "अहो, हा बसलाय ना इथे! ज्याचं नाटक अडवून तुम्ही बोलताय तो हा!" कर्ण्यापुढे माझा आवाज कुठे पोचतो? मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, बसा खाली, दिसत नाही." पोरानं माझा पदर ओढला. "जाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. मला त्याचाही राग आला. जाऊ द्या काय? सगळं असंच जाऊ देत देत तर इथवर आलंय.

भाषण संपलं तेव्हा दहा वाजले होते. ठाण्यातला शिपाई मंडपाच्या खांबाजवळ येऊन उभा राहिला आणि मनगटावर बोट ठेवून अध्यक्षांना दाखवायला लागला. कर्णा दहाला बंद, नियमच आहे. अध्यक्षांनी माईक घेतला. "वेळेअभावी आजचं नाटक इथंच संपलं असं जाहीर करतो. सहकार्याबद्दल धन्यवाद." खट्ट. माईक बंद.

"मंग ते भांड्यात काय पाहे?" माझ्या पुढच्या म्हातारीनं विचारलं. सुनेनं खांदे उडवले आणि झोपलेलं पोर उचललं. बाया उठायला लागल्या, ताडपत्री झटकायला लागल्या. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. पुढारी पायऱ्या उतरत होते आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं थोरली घागर घेऊन स्टेजवर आली. मागून धाकटी. थोरलीनं घागर टेकवली, मधली एक खुर्ची उचलून कडेला ठेवली, मग दुसरी, आणि ढकललेली भांडी एकेक करून परत मधे आणायला लागली.

अध्यक्ष धावले. "ओ ताई, झालं आता. टाइम संपला. पोलीस उभे हायेत."

"टाइम माईकचा संपला, भाऊ," ती म्हणाली. "माह्या तोंडाचा नाही संपला."

अध्यक्षांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, "बिनामाईकचं आपल्याले काही नाही," आणि खांबाला टेकून बघायला लागला. आता आवाज मागे पोचेना म्हणून मागची माणसं पुढे सरकली, पार ताडपत्रीपर्यंत. उठलेल्या बाया होत्या तिथेच बसल्या.

थोरलीनं एक पातेलं उचललं, उजेडाकडे फिरवलं आणि त्यावर कोरलेलं नाव वाचलं. "हे बाबाचं." दुसरं उचललं. "हा दुधाचा गंज. मामाचं नाव. लग्नात देल्ला होता. हे ताट भावाचं, त्याच्या बारशाचं. ही परात काकाची. हा पेला, जवायाचं नाव." एकेक भांडं वाजवत खाली ठेवत गेली. मग धाकटीकडे वळली. "आता सांग वं, मायचं नाव कशावर हाय? मी सकाळपासून तेच पाहून राह्यली. एका चमच्यावर नाही. जलमभर तिनं घासले हे. राखेनं घासले, मातीनं घासले, बाकीच्याईचे नावं चमकवत राह्यली. नाव टाकणारा दारात येऊन इचारे, बाई, नाव कोणाचं टाकू? आन् मायच सांगे, पोराच्या बापाचं टाका. पोराचं टाका. तिले एकडावही वाटलं नाही, माह्यं टाका म्हणावं. आन् आपल्याले तरी कुठी वाटलं?"

म्हातारीनं सुनेचा हात धरला होता. पोरगा मान वर करून बघत होता.

इथे दिवा विझायला पाहिजे होता, तसं नाटकात लिहिलेलं आहे. पण लाइटवाला पुढाऱ्यांना गाडीपर्यंत वाट दाखवायला गेला होता. थोरली घागर पुन्हा कमरेवर घेऊन तशीच भक्क उजेडात उभी राहिली. नाटक संपलं की नाही ते कोणाला कळेना. कोणी उठेना. अध्यक्ष खालून हातानं खूण करायला लागले, आटपा, आटपा. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं, आणि घागर सावकाश खाली ठेवली.

"हं. आता संपलं," ती म्हणाली. "आता जा घरी."