जडभरताची भिंत

दि. ९ मार्च. रुपये ७,१२,८४०. एवढ्या रकमेचं दगडांचं बिल टेबलावर आलं आणि मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. रुग्णालयाच्या हिशेब विभागात चौतीस वर्षं काढली, पण दगडाला असा भाव कधी पाहिला नव्हता. बिल घेऊन मी थेट बांधकामावर गेलो.

तिथला हेडमिस्त्री अंगाने आडवा, चालायला संथ आणि बोलायला त्याहून संथ. सगळे त्याला जडभरत म्हणत, आणि तोही ओ देई.

"सोन्याचे आहेत का हे दगड?" मी विचारलं.

त्याने माझ्या एका हातात साधा काळा दगड ठेवला, दुसऱ्यात तेवढाच एक पांढुरका. दुसरा हात आपोआप खाली गेला.

"बराइट," तो म्हणाला. "जमिनीतून असाच जड निघतो. कॅन्सरवर किरणं सोडणारं मशीन या खोलीत बसणार. साध्या काँक्रीटची भिंत आठ फूट लागली असती, आणि पलीकडे रस्ता. हा घातला की साडेपाच फुटांत भागतं. किरणं आत शिरतात आणि दमून बसतात, भाऊसाहेब."

मी मुकाट्याने बिल पास केलं. भिंतीपलीकडच्या टेबलाशी बसून ते मशीन त्याची सून चालवणार होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कमरेएवढा पहिला थर झाला, फळ्या निघाल्या आणि जडभरत हातोडी घेऊन भिंत ठोकत बसला. खाली ठणठण वाजे, वर आवाज बद्द येई. काँक्रीट ओतलं की त्यात थरथरणारी नळी घालून हवा काढतात. मिस्त्री लोकांचा नियम असा, की वर 'दूध', म्हणजे सिमेंटचं पातळ पाणी, आल्याशिवाय नळी काढायची नाही. तीस वर्षं त्याने तेच केलं होतं, इथेही केलं. पण दुधाची वाट पाहता पाहता जड दगड तळाला बसले आणि वर नुसती सिमेंट-वाळू उरली.

त्याने भिंतीतून एकाच मापाचे दोन तुकडे काढवले आणि पदरच्या पैशाने एक वजनकाटा आणला. खालचा तुकडा साडेतीन किलो भरला, वरचा दोन किलो सहाशे.

सुपरवायझर म्हणाला, "प्लास्टर झालं की कोणाला दिसतंय? तीस वर्षांचं नाव आहे तुझं, कशाला मातीत घालतोस?"

जडभरत माझ्याकडे आला. "भिंत फोडायची आहे. चूक माझी, तसं लिहा."

"सून बसणार म्हणून ना?" कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी टोमणा मारला.

तो म्हणाला, "दुसऱ्याची सून असती तर विचारायला आलो नसतो, सरळ फोडली असती. आपली आहे म्हणून लाज वाटते."

मी लिहून दिलं. अकरा दिवस भिंत फोडली. नव्या कामात त्याने प्रत्येक पाटी काट्यावर तोलली आणि नळी धरणाऱ्याजवळ उभा राहून तो स्वतः सेकंद मोजी. "काढ. दूध घरी पी," एवढंच म्हणे.

तपासणीच्या दिवशी मीही गेलो. मशीन आत चालू होतं. तज्ज्ञ किरणं मोजायचं यंत्र भिंतीवरून इंचाइंचाने फिरवत होते. जडभरत त्यांच्या मागे दारातल्या लहान मुलासारखा उभा होता. शेवटी ते म्हणाले, "बाहेर रस्त्यावर एरवी असतात, तेवढीच किरणं इथे."

त्याने भिंतीला तळवा लावला.

"बाबा, हे काय?" सुनेने विचारलं.

"तापते का बघतोय."

"नाही तापत."

"मग एवढं सगळं जातं कुठे?"

"तुमच्या भिंतीत."

त्याने हात काढला नाही. मीही शेजारी तळवा टेकवला. पलीकडे शरीरातली गाठ जाळणारी ताकद चालू होती. अलीकडे सुनेच्या कपातला चहा हललासुद्धा नाही. कोण जाणे किती काळ जमिनीत निजलेला दगड, आणि त्याच्याने हे व्हावं.

वजनकाट्याची पावती शिक्क्याशिवाय होती, म्हणून मी ती परत पाठवली होती. जडभरताचे सहाशे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.